प्रोफाइल फोल्डर उडवू नका (उत्तर लांबलंय, आधीच सांगते)

अपडेटनंतर तुमच्या फायरफॉक्स ब्राउझरच्या कडेला एआयची पट्टी आली, मजकूर निवडला की 'चॅटबॉटला विचारा'चं बटण टपकतं, पंखा घरघरतो, आणि वडील गूगलच्या वरच्या चौकटीतलं उत्तर सरकारी गॅझेट वाचल्यासारखं वाचून दाखवतात. तुमचं हे सगळं वाचताना मी मान डोलावत होते. शेवटी मात्र तुम्ही लिहिलंय, 'रविवारी सगळं पुसून नव्याने टाकतो, एकदाचा निकाल लावतो.' ते वाचून उत्तर लिहायला बसले, कारण हाच निकाल मी २०२५च्या सप्टेंबरमध्ये लावला होता आणि त्याचं बिल अजून आठवतंय.

मी संगणकवाली नाही. नारायण पेठेत करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे: मी, एक मदतनीस मुलगा आणि आठ जीबीचा एक म्हातारा लॅपटॉप. जे सांगते ते विंडोजवर आणि माझ्या मशीनवर घडलेलं आहे. तुमच्याकडे मेन्यूच्या जागा वेगळ्या असू शकतात, त्यामुळे डोळे मिटून काही करू नका.

तेव्हाही सुरुवात पंख्यापासूनच झाली. जुलै २०२५मध्ये फायरफॉक्सची १४१ आवृत्ती आली. तिच्यात टॅबचे गट सुचवणारं एआय होतं आणि ते आपल्याच मशीनवर चालायचं. प्रोसेसर तापतोय अशा तक्रारी तेव्हा बऱ्याच जणांनी केल्या होत्या. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजी अक्षरांत 'अबाउट:प्रोसेसेस' (about:processes) लिहिलं की यादी उघडते, तिच्यात 'इन्फरन्स' नावाची प्रोसेस वर दिसली तर समजा हेच. मला यातलं काही माहीत नव्हतं. वाटलं पंख्यात धूळ गेली, म्हणून अप्पा बळवंत चौकाजवळ एकाकडे साफ करून घेतला. घरघर होतीच.

मग कुणीतरी 'अबाउट:कॉन्फिग'मध्ये जाऊन बंद करायच्या दहा-बारा ओळींची यादी दिली. 'ब्राउझर डॉट एमएल'ने सुरू होणाऱ्या त्या सगळ्या ओळी. मी अर्ध्या बदलल्या. पट्टी गेली, पण उजव्या क्लिकच्या मेन्यूत चॅटबॉट तसाच. सप्टेंबर म्हणजे आमचा हंगाम, रात्री नऊला ऑफिसात बसलेली, समोर अकरा फायली, आणि प्रत्येक उजव्या क्लिकला तो विचारतोय सारांश हवा का. मला सारांश नको होता, मला घरी जायचं होतं.

रागाच्या भरात फायरफॉक्स काढून टाकला. तेवढ्यावर थांबले असते तर काही बिघडलं नसतं, कारण ब्राउझर काढला तरी आपला डेटा असलेलं प्रोफाइल फोल्डर मागे राहतं आणि नव्याने टाकल्यावर सगळं जागच्या जागी सापडतं. पण कुठेतरी वाचलं होतं की त्या फोल्डरमध्ये 'अवशेष' राहतात. मग मी ते लपलेलं फोल्डर शोधून काढलं आणि शिफ्ट दाबून डिलीट केलं. रिसायकल बिनमध्येही नाही. हात झटकले आणि शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं त्या फोल्डरमध्ये काय काय होतं. अकरा वर्षांचे बुकमार्क होते. पस्तीसेक अशिलांच्या वेगवेगळ्या पोर्टलांचे पासवर्ड होते. ते सिंक केलेले नव्हते, कारण 'आपला डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर कशाला' या तत्त्वावर मी खातंच उघडलं नव्हतं आणि त्याचा मला अभिमान होता. पासवर्ड पुन्हा मिळवायचे तर ओटीपी अशिलाच्या मोबाइलवर जाणार. एक काका मुलीकडे अमेरिकेत. आपली दुपार म्हणजे त्यांची मध्यरात्र. बिचारे दोन दिवस गजर लावून उठले आणि मला ओटीपी सांगत राहिले. एकदाही चिडले नाहीत, म्हणून जास्त लाज वाटली.

हे सगळं भरून निघालं. निघालं नाही ते डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फॉर्मवर डिजिटल सही करायला यूएसबी टोकन लागतं, आणि पोर्टलचं पान आपल्याच मशीनवरच्या एका छोट्या सही-प्रोग्रामशी बोलून ती सही करून घेतं. त्या बोलण्यावर ब्राउझरचा विश्वास बसावा म्हणून एक प्रमाणपत्र आत घालावं लागतं. क्रोम आणि एज विंडोजमध्ये घातलेलं प्रमाणपत्र मानतात. फायरफॉक्सची प्रमाणपत्रांची पेटी स्वतःची वेगळी असते आणि ती त्याच प्रोफाइल फोल्डरमध्ये असते. दोन वर्षांपूर्वी टोकन देणाऱ्या मुलाने ते फक्त फायरफॉक्समध्ये घातलं होतं, त्यामुळे क्रोममध्येही सही होईना. हे सगळं आज शहाण्यासारखं लिहितेय. तेव्हा समोर फक्त 'टोकन आढळले नाही' एवढंच होतं.

ज्या पोर्टलवर फॉर्म भरायचा होता त्याच्या मदत केंद्राला फोन केला. कुठलं पोर्टल ते लिहीत नाही, धंद्यात रोज त्यांच्याशी गाठ आहे. पहिला माणूस म्हणाला टोकन खराब आहे. टोकनवाल्याकडे गेले, त्याने माझ्यासमोर त्याच्या मशीनवर चालवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस म्हणाला, मॅडम, कॅश क्लिअर करा. मी म्हटलं, अहो, मी कॅशच काय, आख्खा ब्राउझर क्लिअर केलाय, म्हणून तर फोन केला. तो म्हणाला, तरी एकदा करून बघा. तिसऱ्या दिवशी ईमेल आला: आपल्या समस्येचे निराकरण झाल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. कुणी निराकरण केलं, कधी केलं, मला कुणी सांगितलंच नाही. पोर्टलच्या कोपऱ्यात एक हसरा रोबो होता. त्याला विचारलं तर त्याने टोकन म्हणजे काय यावर तीन परिच्छेद लिहिले. ज्या वैतागाने मी ब्राउझर उडवला, तोच वैताग आता सरकारी खर्चाने माझ्याशी गोड बोलत होता.

मुदत गेली. विलंब शुल्क अशिलाकडून मागायला तोंड नव्हतं, ते माझ्या खिशातून गेलं. रक्कम फार मोठी नाही, पण वीस वर्षांत पहिल्यांदा भरलं.

उपाय सापडला शेजारच्या सीएंच्या ऑफिसातल्या आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीकडून. ती झेरॉक्स मागायला आली होती. तिने सही-प्रोग्रामचा आपल्याच मशीनवरचा पत्ता, म्हणजे लोकलहोस्ट आणि पुढे पोर्टचा आकडा, थेट नव्या टॅबमध्ये उघडला. ब्राउझरने धोक्याची सूचना दाखवली, तिने 'जोखीम स्वीकारून पुढे जा' दाबलं, मूळ पान रिफ्रेश केलं आणि सही झाली. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. (ही युक्ती फक्त आपल्या मशीनच्या पत्त्यासाठी. बाहेरच्या कुठल्याही साइटवर अशी सूचना आली तर मागे फिरा. बँकेच्या बाबतीत तर पळा.) मदत केंद्रातल्या दोघांपैकी एकालाही हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. त्यांच्या कागदावर ते लिहिलेलं नसेल.

म्हणून रविवारी काहीही करायच्या आधी 'अबाउट:सपोर्ट' (about:support) उघडा, त्यात 'प्रोफाइल फोल्डर'समोर फोल्डर उघडायचं बटण आहे. ब्राउझर बंद करा आणि ते आख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा. पासवर्ड दोन फायलींत मिळून असतात, लॉगिन्सची एक आणि किल्लीची एक. एकच उचललीत तर उपयोग शून्य, म्हणून निवडत बसू नका, सगळं उचला. आणि तो पेनड्राइव्ह घरातच ठेवा, त्यात तुमचे सगळे पासवर्ड आहेत.

त्यानंतर बहुतेक पुसायची गरजच पडणार नाही. फेब्रुवारी २०२६मध्ये आलेल्या १४८ आवृत्तीपासून सेटिंग्जमध्ये 'एआय कंट्रोल्स' असा वेगळा विभाग आहे. तिथे सगळं एका झटक्यात अडवणारा खटका आहे, आणि पुढे येणारी नवी एआय कामंही त्यात अडतात. फक्त एक लक्षात ठेवा, पानांचं भाषांतरही त्याच यादीत मोडतं. ते आपल्या मशीनवरच होतं, मजकूर बाहेर जात नाही. मी बाकी सगळं अडवून भाषांतर तेवढं चालू ठेवलंय.

हा खटका सुखासुखी आला असं मला वाटत नाही. डिसेंबर २०२५मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या नव्या प्रमुखांनी फायरफॉक्सला आधुनिक एआय ब्राउझर करणार म्हणून जाहीर केलं आणि जुने वापरकर्ते खवळले. त्याच निवेदनात 'हे सहज बंद करता येईल' असंही होतं, पण चिडलेला माणूस एवढं खाली वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं. विवाल्डी नावाच्या दुसऱ्या ब्राउझरने ऑगस्ट २०२५मध्येच आम्ही असलं एआय घालणार नाही असं सांगून टाकलं होतं, ते आवडत असेल तर तो वापरून बघा. मी बघितला, चांगला आहे, पण या वयात सगळी बटणं पुन्हा शिकायचा कंटाळा.

खरं सांगायचं तर एआयशी माझं भांडण नाही. आमच्या ऑफिसातला मुलगा एआयच्या मदतीने इंग्रजी पत्रांचे मसुदे करतो आणि बरे करतो. भांडण न विचारता घरात शिरण्याशी आहे. जुलै २०२५मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो हे प्रश्नांची उत्तरं देणारं एआय वर्षभर फुकट देऊ केलं. आमच्या निम्म्या अशिलांनी ते घेतलं आणि सल्ला विचारायला येताना उत्तर छापून आणायला लागले. ते मला चाललं. माणसाने स्वतः बटण दाबून घेतलं होतं ना! (वर्षभर म्हणजे वर्षभरच, हे मात्र त्यांना मीच आठवण करून देते. कार्ड जोडलं असेल तर तारीख लिहून ठेवा.)

स्वतःच क्लिक करत फिरणारे नवे ब्राउझर, कॉमेट, अॅटलस वगैरे, कामाच्या मशीनवर मी घेणार नाही. ऑगस्ट २०२५मध्ये ब्रेव्ह ब्राउझरच्या लोकांनी दाखवून दिलं होतं की पानात लपवलेल्या सूचना कॉमेटचा एआय मालकाचा हुकूम समजून पाळत होता. ब्रेव्ह हे स्पर्धक आहेत हे मान्य, पण दाखवलेलं खोटं नव्हतं. जिथे बँकेचं लॉगिन उघडं असतं तिथे असला आज्ञाधारक गडी नको. कुणी रोज वापरत असेल आणि काही झालं नसेल तर आनंद आहे, मला पटवायला येऊ नका.

आता वडिलांचं. तुम्ही दोन गोष्टी एकत्र केल्यात. ब्राउझरमधलं एआय बंद केलं तरी गूगलची वरची चौकट जाणार नाही, ती गूगलच्या पानावरची आहे. मे २०२४मध्ये अमेरिकेत सुरू झाली तेव्हा पिझ्झ्यावर चीज टिकावं म्हणून गोंद घाला सांगत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे आली. ती कायमची बंद करायचा खटका गूगलने दिलेला नाही. पण निकालांच्या वर 'वेब' म्हणून एक टॅब असतो, कधी 'आणखी'मध्ये दडलेला, तो दाबला की नुसते दुवे उरतात. दर वेळी दाबायला नको असेल तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये शोध विभागात स्वतःचं शोधइंजिन जोडता येतं. गूगलच्या शोधाच्या पत्त्याला शेवटी 'यूडीएम=१४' (udm=14) लावून ते जोडा आणि तेच मुख्य करा. अक्षरं अर्थातच इंग्रजीत. डकडकगो या दुसऱ्या शोधइंजिनचं एआय नसलेलं 'नोएआय' पानही आहे, पण मराठी शोधायला मला ते तोकडं वाटलं.

मी आमच्या बाबांच्या मशीनवर हे यूडीएमवालं करून दिलं. दोन दिवसांनी फोन, 'अगं, ते वरचं उत्तर का येत नाही? चष्म्याशिवाय तेवढंच वाचता येत होतं.' परत लावून दिलं. आता ते उत्तर वाचतात आणि औषध किंवा पैशाचं काही असलं तर खालचा पहिला दुवा मला फोनवर वाचून दाखवतात. तेव्हा वडिलांना आधी विचारा, मग बदला.

फोल्डर सापडलं नाही तर विंडोज कुठलं आहे ते लिहा. मी संध्याकाळी सातनंतर बघते, त्याआधी ऑफिसात गर्दी असते.