मोजमाप पुस्तिका माग

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा माहिती अधिकाराखालचा चार पानी अर्ज वाचला. वस्तीवरून शाळेकडे जाणारा काँक्रीटचा रस्ता एका पावसाळ्यात उखडला, याचा संताप ओळीओळीत आहे आणि तो रास्तच आहे. पण अर्ज असाच दिलास तर हाती काही लागणार नाही. ‘रस्ता का उखडला? जबाबदार कोण? कारवाई का झाली नाही?’ असं तू विचारलं आहेस. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 नुसार तुला मिळू शकतं ते कार्यालयात असलेलं रेकॉर्ड. अधिकाऱ्याने तुझ्यासाठी कारणं शोधावीत किंवा मत द्यावं, असं बंधन त्याच्यावर नाही. ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ एवढं लिहून तो मोकळा होईल.

म्हणून कागद माग. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतली त्या कामाची पानं, देयकाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला. माझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली, आणि यातली मोजमाप पुस्तिका मी सगळ्यात आधी उघडत असे. बांधकाम खात्यातले तिला एमबी म्हणतात. अभियंत्याने जागेवर घेतलेली लांबी, रुंदी, जाडी तिच्यात सहीनिशी नोंदलेली असते आणि त्या आकड्यांवरच ठेकेदाराचं बिल निघतं. समज, तिथे जाडी 15 सेंटिमीटर लिहिली आहे आणि उखडलेल्या कडेला टेप लावला तर 8 भरते. मग तुला कुणावर आरोप करायची गरजच उरत नाही. दोन आकडे शेजारी मांडले की पुरे. कलम 2 (ञ) नुसार कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही तुला हक्क आहे. हा हक्क फार कमी लोक वापरतात, तू वापर.

आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण 150 शब्दांत असावा असं म्हटलं आहे. जोडपत्र ‘अ’ हा अर्जाचा ठरलेला नमुना भर, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव. माहिती कशासाठी हवी ते लिहू नकोस. कलम 6 (2) प्रमाणे कारण द्यावं लागत नाही. तुमच्या कामाची एमबी ग्रामपंचायतीत नसून बांधकाम उपविभागात असण्याची शक्यता आहे. तसं असलं तर अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवणं हे जनमाहिती अधिकाऱ्याचं काम आहे, तुझं नाही. त्याआधी ई-ग्रामस्वराज या ग्रामपंचायतींच्या सरकारी संकेतस्थळावर गावाचा आराखडा आणि खर्च पाहून घे. जे तिथे आधीच आहे ते मागण्यात अर्ज वाया घालवू नकोस.

कागद मिळाल्यावर काय करायचं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोट किराना इथे पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामाची बिलं आणि हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले. कागदावर कुणाचं नाव आहे, कामावर खरंच कोण होतं, हे ठरवायला बाहेरचा तपासनीस लागला नाही; समोर बसलेल्या माणसांनाच ते ठाऊक होतं. पुढे 1996 मध्ये माहितीच्या हक्कासाठी ब्यावरला 40 दिवसांचं धरणं झालं. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा याच चळवळीची. आपल्याकडे अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर केंद्राच्या आधीच राज्याचा माहिती अधिकार कायदा आला. म्हणजे या हक्काची मागणी मजुरीचा हिशेब मागणाऱ्यांनी केली आहे, आणि तो वापरायला तुला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तर तूही तेच कर. एमबीचं पान ग्रामसभेत वाच. ज्यांच्या दारावरून तो रस्ता जातो त्यांना बोलू दे, आणि जे ठरेल ते इतिवृत्तात आलं की नाही ते तिथेच पाहा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळ. तू रेशनच्या लाभार्थ्यांची यादी मिळवून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं म्हणते आहेस. ते करू नकोस. हिशेब ज्याच्या हातात पैसा आणि सही आहे त्याचा मागायचा. कुठल्या विधवेला किती धान्य मिळतं हे चारचौघांत उघडं करण्यात मला कसलीही पारदर्शकता दिसत नाही. दुसरीकडे, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीबद्दलचं कलम 8 (1) (ञ) बदललं गेलं, आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून अधिकाऱ्यांचीही माहिती नाकारणं सोपं झालं. मला हा बदल घातक वाटतो. तसं उत्तर आलंच तर अपिलात कलम 8 (2) वर बोट ठेव: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते, ही तरतूद शाबूत आहे.

आणि एकटी जाऊ नकोस. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तुझ्यासोबत गावातल्या आणखी चौघीजणींनी त्याच कागदांसाठी आपापले अर्ज दिले, तर दबाव एकटीवर येत नाही. कुणी ‘अर्ज मागे घे, आपण बसून मिटवू’ म्हणालं तर बसू नकोस. पैसे घेऊन अर्ज मागे घेणाऱ्यांमुळे प्रामाणिक अर्जदारांकडेही संशयाने पाहिलं जातं.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत एमबी वाचायची असेल तर अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा. उत्तराला 30 दिवस. काहीच आलं नाही तर त्याच आठवड्यात जोडपत्र ‘ब’ भरून पहिलं अपील, त्याच्या निर्णयाला 30, फार तर 45 दिवस. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नकोस. नवा मसुदा आधी मला पाठव, मी दोन दिवसांत वाचून परत देतो.

तुझा,
काका