भाडं दोनदा आलं म्हणतोय? आधी स्टेटमेंट काढा

तुमचं गाऱ्हाणं मला कळलं ते असं: कोल्हापूरला राजारामपुरीत वन बीएचके, भाडं साडेआठ हजार. पाच तारखेला भाडेकरूचं यूपीआय फेल झालं म्हणून त्यानं पुन्हा पाठवलं. आता म्हणतोय, दोन्ही वेळा पैसे कापले, एका वेळचे माझ्या भावाच्या नंबरवर परत टाका. शिवाय पुढच्या महिन्याअखेरीस तो जागा सोडणार, तर तीस हजार डिपॉझिट कसं परत करायचं.

भावाच्या नंबरवर एक रुपयाही टाकू नका. पोरगं लबाड आहे असं मी म्हणत नाही, खरंही बोलत असेल. पण पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत जायला हवेत. उद्या तो म्हणाला, 'मला कुठं मिळाले?' तर तुम्ही काय दाखवणार?

आणि परत करायचं आहे की नाही, हेच अजून ठरलेलं नाही. त्याच्याकडून दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा वेगळा ओळख क्रमांक) मागून घ्या, स्क्रीनशॉट नको. मग तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ते शोधा. एकच सापडला, तर दुसरे पैसे तुमच्यापर्यंत आलेलेच नाहीत. ते त्याची बँक त्याच्या खात्यात उलटे जमा करते, त्यात तुमचा हात लागायचं कारण नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे: माणसाकडून माणसाला पाठवताना पैसे कापले गेले पण पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हायला हवेत, त्यापुढं दिवसाला शंभर रुपये भरपाई. दुकानाच्या क्यूआरवर भाडं घेत असाल तर मुदत पाच दिवसांची. (खाली दुकान, वर भाडेकरू आणि दोन्हीला क्यूआर एकच, अशी घरं आपल्याकडं काय कमी आहेत?) मुदत उलटली तर त्यानं त्याच्या बँकेत तक्रार टाकायची.

हे मी सात हजार घालवून शिकले. आमच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्या आहेत, विद्यापीठात शिकणारी पोरं राहतात. एकदा रात्री साडेदहाला एकानं जिन्यातच मोबाइल पुढं केला, 'काकी, दोनदा गेले बघा.' दोन ओळी, दोन्ही सात-सात हजारांच्या. एकीखाली बारीक अक्षरात 'प्रोसेसिंग' लिहिलेलं होतं, पण माझा चष्मा खाली राहिलेला. मी उभ्या उभ्या सात हजार परत केले. दुसऱ्या दिवशी बँकेनंही त्याला सात हजार उलटे दिले. म्हणजे तो महिना गडी फुकट राहिला. त्याच्या मनात काही नव्हतं, पण मला हे उमजेपर्यंत त्याचे मेसचे आणि परीक्षेचे पैसे भरून झाले होते. हजार-दीड हजार करत फिटायला दिवाळी उजाडली.

दोन्ही नंबर स्टेटमेंटमध्ये सापडले, तर प्रश्नच मिटला. तो जाणारच आहे, मग जादाचे साडेआठ हजार पुढच्या महिन्याच्या भाड्यात धरा. 'जादा आलेले ८,५०० पुढच्या भाड्यात धरले' एवढा व्हॉट्सअॅप करा आणि त्याचं 'ओके' घ्या. त्याला नड असेल तर त्याच्याच खात्यात परत पाठवा.

भाडं दर महिन्याला फेल होत असेल तर आधी तारीख बघा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला असलेल्यांचे पगार सात तारखेला होतात, लहान फौंड्रीत दहाही उजाडते. पाच तारखेचा ऑटोपे (ठरल्या तारखेला आपोआप पैसे कापणं) लावला तर खात्यात शिल्लक असणार कुठून? मी सगळ्यांची तारीख बारा केली, निम्मी कटकट तिथंच संपली.

चेक घेत असाल तर एक लक्षात ठेवा. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी दिले नाहीत तर पुढच्या महिनाभरात चेक न वटल्याच्या कलम १३८ खाली कोर्टात तक्रार. 'देईल, देईल' करत चेक परत आल्याचा बँकेचा मेमो कपाटात ठेवला की ते ३० दिवस कधी सरले कळत नाही. आणि राग आला म्हणून पाणी-लाइट मात्र तोडू नका, भाडे नियंत्रण कायद्यात ते बसत नाही, उलट तुम्हीच अडकाल.

आता डिपॉझिट. करार नोंदवलाय ना? नोंदवायची जबाबदारी मालकाची असते. नोंदलेला नसेल तर १९९९ च्या याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. रंगाचे पैसे कापायचे तर ते करारात लिहिलेलं हवं. भिंतीला चार खिळ्यांची भोकं पडली म्हणून पैसे कापणारे मालक मला पटत नाहीत, घर वापरलं की एवढं होतंच. फुटलेलं बेसिन वेगळं.

सामान निघाल्यावर, किल्ली हातात घेतानाच मीटरचा फोटो काढा, त्याच्यासमोर. महावितरणचं शेवटचं बिल मागाहून येतं आणि भांडण तिथंच होतं. मी ओट्यावर कागद ठेवून हिशोब मांडते: डिपॉझिट इतकं, राहिलेल्या युनिटचे अंदाजे इतके, मोडतोड इतकी, देणं इतकं. खाली दोघांच्या सह्या. अंदाजापोटी पाचशे-हजार राखून बाकीचे त्याच दिवशी, त्याच्याच खात्यात, आधी एक रुपया टाकून नाव बघून मग पूर्ण. बिल आलं की राखलेल्यातलं उरलेलं परत.

किल्ल्या मोजून घ्या. जिन्याच्या दाराची एक हटकून गावाला निघून जाते.