शेवटचं औषध कधी मारलं?

"मॅडम, सगळंच सेंद्रिय घ्यायचं तर परवडत नाही आणि साधं घ्यायला हात धजावत नाही. नेमकं काय सेंद्रिय घेऊ?"

आहार समुपदेशनात हा प्रश्न मला नेहमी भेटतो. पण या वेळी विचारणारी निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची लेक होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ढगाळ हवा आली की डावणी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीनं भल्या पहाटे सुरू होणारा फवारणीचा ब्लोअर तिनं लहानपणापासून पाहिलेला. म्हणून नाशकात राहूनही चार वर्षांच्या मुलाला तिनं द्राक्षं कधी दिलीच नव्हती.

मी तिला आठवडाभराचं जेवण लिहून आणायला सांगितलं. वहीत वरणभात, बटाटा, पुन्हा बटाटा, आणि सेंद्रिय दुकानातली मेथीची एक जुडी पुरवून पुरवून वापरलेली. फळ आठवड्यातून दोनदा. ही वही वाचून मात्र मला काळजी वाटली. तिची भीती निराधार नव्हती. लहान मूल वजनाच्या मानानं जास्त खातं, त्यामुळे औषधांचे अंशही जास्त जातात. पण त्या भीतीपायी पोराच्या ताटातली भाजीच गेली होती.

मी तिला म्हटलं, कांदा, मटार, मका, केळी, पपई, अननस, नारळ हे बिनधास्त गणेशवाडीतून किंवा बुधवारच्या बाजारातून आणा. यांची साल, टरफल आपण काढूनच टाकतो. पैसे राखायचे ते पालक, मेथी, कोथिंबीर, कढीपत्त्यासाठी, कारण पानाला सोलता येत नाही. आणि वांगी, भेंडी, मिरचीसाठी. यामागचं कारण तिला शेतकऱ्याची मुलगी म्हणून लगेच पटलं: यांचा तोडा दोन-चार दिवसांनी चालूच असतो आणि अळीसाठी फवाराही चालू असतो, मग फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस सुटतात कुठे? त्यातही मुलगा रोज खातो तेच आधी. तो वांगं तोंडात धरत नसेल तर सेंद्रिय वांग्यावर पैसे घालू नका.

'विषमुक्त' अशी नुसती पाटी मला पुरेशी वाटत नाही. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणपत्राचं सरकारी चिन्ह पाहावं. सुटा माल असेल तर शेतकऱ्याला प्रमाणपत्राबद्दल विचारावं. आणि सेंद्रियही धुवावंच.

धुण्याबद्दल ती फार निराश होती. वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट चोळून धुतलं तर वरवरचं बरंच निघतं. २०१७ साली अमेरिकेत सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं, लिटरला साधारण दोन चमचे, १२ ते १५ मिनिटांत सालीवरची दोन कीडनाशकं निघाली. आत मुरलेला अंश मात्र राहिला. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं औषध धुऊन जात नाही, हे मी तिच्यापासून लपवलं नाही.

राहिली द्राक्षं. "वडिलांना, आण्णांना विचारलंत का, शेवटचं औषध कधी मारलं ते?" असं म्हटल्यावर ती गप्प झाली. त्यांच्या कष्टावर बोट ठेवल्यासारखं होईल, म्हणून इतकी वर्षं तिनं विचारलं नव्हतं. मला वाटतं, तिच्या मनावर खरं ओझं याचंच होतं.

पुढच्या भेटीत तिनं सांगितलं, आण्णा रागावले नाहीत. फवारणीची वही घेऊन बसले. २०१० साली सीसीसी या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून ते प्रत्येक औषधाची तारीख लिहून ठेवतात. निर्यातीच्या प्लॉटचा नमुना काढणीआधी प्रयोगशाळेत जातो, तो अहवालही त्यांनी दाखवला. लोकल बाजारातल्या मालाला असा कागद नसतो, हेही त्यांनीच सांगितलं.

फेब्रुवारीत त्यांनी पेटी पाठवली. झाकणावर पेननं शेवटच्या फवारणीची तारीख लिहिलेली. तिनं द्राक्षं धुतली, घशात अडकू नयेत म्हणून प्रत्येक मणी उभा चिरला आणि वाटी मुलापुढे ठेवली.