चुंगकिंग मॅन्शन्समध्ये उतरणार असशील तर

हाँगकाँगमध्ये स्वस्तात राहायचं म्हणजे नेथन रोडवरचं चुंगकिंग मॅन्शन्स. १९६१ची सतरा मजली इमारत, ए ते ई असे पाच ब्लॉक, त्यांत बरीच छोटी गेस्टहाउसं; तुझ्या गेस्टहाउसचा ब्लॉक आणि मजला दोन्ही लिहून घे. दारातले दलाल ‘ते गेस्टहाउस बंद झालंय’ म्हणतील, लक्ष देऊ नकोस. लिफ्ट एवढ्याशा आणि रांग मोठी, तेव्हा विमान सकाळचं असेल तर वेळ हाताशी ठेव. खोलीत पलंग संपला की भिंत सुरू, मोठी बॅग नेलीस तर तीच पलंगावर झोपेल! शॉवर बऱ्याचदा कमोडच्या डोक्यावरच असतो, टॉवेल बाहेर ठेव. खिडकीवाली खोली जरा महाग पडते, पण घेच. बरीच गेस्टहाउसं मालकाच्या घरचीच माणसं चालवतात, रात्री उशीर होणार असेल तर आधी कळव. गेस्टहाउसचा परवाना लावलेला दिसला तरच पैसे दे. आणि चलन दारातल्या काउंटरवर बदलू नकोस, आत भाव बरा मिळतो.