आधी वजनकाटा, मग गोष्ट : डिझाइनविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. शाम्पूसाठी पुन्हा भरता येणारी जाड, टिकाऊ बाटली केली आणि सादरीकरणात तिला ‘शाश्वत’ म्हटलं. परीक्षकांनी विचारलं, “कशाच्या तुलनेत?” मला उत्तर देता आलं नाही. कसं द्यायला हवं होतं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : प्रश्न रास्त होता. उत्तर शोधायला ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि एक तक्ता पुरतो.

सुरुवात बाटलीपासून न करता तिच्या कामापासून करा. एक बाटली एकदाच वापरायची, दुसरी अनेकदा. मग एकास एक तुलना कशी होणार? तुलनेचं माप असं लिहा : ‘५०० मिलि शाम्पू, दहा वेळा, वापरणाऱ्याच्या हातात पोचवणं.’ जीवनचक्र मूल्यांकनात, म्हणजे कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत वस्तूचा पर्यावरणावरचा परिणाम मोजताना, याला फंक्शनल युनिट म्हणतात. आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांनुसार काम करायचं तर ते आधी ठरवावंच लागतं.

मग दोन्ही बाटल्या सुट्या करा, पंपासकट. पंपात पॉलिप्रॉपिलीनचे भाग, स्टीलची स्प्रिंग आणि बऱ्याचदा काचेची किंवा स्टीलची बारीक गोळी निघते. प्रत्येक भागाचं वजन आणि मटेरियल तक्त्यात लिहा. समजा, नेहमीची बाटली पंपासह ४६ ग्रॅम भरली, तुमची १२० ग्रॅम आणि रिफिलचं पाऊच १० ग्रॅम. दोन रिफिलनंतर तुमच्या बाजूला १४० ग्रॅम होतात आणि नेहमीच्या तीन बाटल्यांचे १३८. म्हणजे इथवर तुमची बाटली मागेच आहे. तिसऱ्या रिफिलला १५० विरुद्ध १८४ होतात आणि दहा भरण्यांपर्यंत २१० विरुद्ध ४६०. परीक्षकांना द्यायचं उत्तर हे : “नेहमीच्या बाटलीच्या तुलनेत, निदान तीन रिफिल झाल्या तर.”

खरं डिझाइन त्या ‘झाल्या तर’मध्ये आहे. पंप एका दाबाला २ मिलि देत असेल, तर एका भरणीला २५० आणि दहा भरण्यांना २,५०० दाब होतात. तेवढे दाब देऊन पाहा. पंप आधीच गळायला लागला तर जाड बाटलीचा काही उपयोग नाही. तसंच ओल्या हातांनी पाऊचमधून बाटली भरायला चार-पाच जणांना सांगा. तोंड अरुंद असेल तर शाम्पू सांडतो, आणि एकदा सांडला की माणूस पुढच्या वेळी सरळ नवी बाटली घेतो.

एक सावधगिरी. नुसत्या ग्रॅमची तुलना साधारण एकाच प्रकारच्या मटेरियलमध्ये चालते. काच किंवा ॲल्युमिनियम आलं की प्रत्येक मटेरियलचा दर किलोमागचा उत्सर्जनाचा आकडा घ्यावा लागतो, आणि सगळे आकडे एकाच डेटाबेसमधून, एकाच व्याप्तीचे हवेत. एकाचा कच्च्या मालापर्यंतचा आणि दुसऱ्याचा कचऱ्यापर्यंतचा आकडा शेजारी ठेवला की निष्कर्ष कोसळतो. शिवाय पाऊच वजनाला हलकं असलं तरी त्यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे किंवा फॉइलचे थर चिकटवलेले असतील, तर ते वेगळे करणं फार अवघड जातं. वापर संपल्यावर काय होतं, याचा रकाना म्हणूनच वेगळा ठेवा.

प्रश्न : क्लायंटला भारदस्त दिसण्यासाठी काळी पेट (PET) प्लास्टिकची बाटली आणि तिच्यावर पूर्ण छापील स्लीव्ह, म्हणजे बाटलीभर घट्ट बसणारं प्लास्टिकचं आवरण, हवी आहे. रीसायकल होईल ना?
– पॅकेजिंग डिझायनर

उत्तर : बहुधा नाही. नेहमीचा काळा रंग कार्बन ब्लॅकचा असतो. कचऱ्याच्या वर्गीकरणाचं यंत्र निअर-इन्फ्रारेड या डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी प्लास्टिक ओळखतं; काळा रंग ते किरण शोषून घेतो, त्यामुळे यंत्राला ती बाटली ओळखता येत नाही. पूर्ण स्लीव्ह असेल तर यंत्र बाटलीऐवजी स्लीव्हच वाचतं. स्लीव्ह पीव्हीसीची असेल तर नुकसान आणखी मोठं : पेट आणि पीव्हीसी दोन्ही पाण्यात बुडतात, म्हणून रीसायकलिंगमध्ये पाण्याच्या टाकीत वेगळे होत नाहीत. पेट वितळतं त्या २५० अंशांच्या पुढच्या तापमानाला पीव्हीसी विघटित होऊन आम्ल सोडतं आणि सगळा माल पिवळा पडतो. पारदर्शक बाटली, पाण्यात तरंगणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनचं छोटं लेबल आणि धुताना सुटणारा गोंद सुचवा.

प्रश्न : पोर्टफोलिओ पाहणारे म्हणतात, “यात स्टोरी नाही.” म्हणून सुरुवातीला समुद्रातल्या प्लास्टिकची पानं घातली. तरी शेरा तोच.
– नवोदित डिझायनर

उत्तर : ती पानं काढून टाका, ती कुणाच्याही प्रकल्पाला चिकटवता येतात. पहिल्या पानावर सुटे केलेले भाग आणि त्यांची वजनं दाखवा. मग वापरणाऱ्याचा प्रसंग सहा चौकटींत मांडा आणि बेत जिथे फसतो ती चौकट गाळू नका. पुढे तुम्ही सोडून दिलेला एक पर्याय आणि त्याला हरवणारा आकडा येऊ द्या. काय मिळवण्यासाठी काय सोडलं, हे दिसलं की वाचणारा पुढचं पान उलटतो. न सुटलेला भागही लिहा.

शब्दांचंही भान हवं. आयएसओ १४०२१ हे उत्पादकाने स्वतः केलेल्या पर्यावरणविषयक दाव्यांचं मानक आहे. ‘हरित’, ‘पर्यावरणस्नेही’ असे मोघम दावे आणि शाश्वतता गाठल्याचा दावा त्यात चालत नाही. मोल्डिंगमधले रनर (साच्यात प्लास्टिक पोचवणाऱ्या वाटांमध्ये घट्ट होऊन उरलेले तुकडे) दळून त्याच प्रक्रियेत परत टाकले, तर तेही ‘रीसायकल्ड’ म्हणून मोजता येत नाहीत.

प्रश्न : एका कारखान्याबरोबर सेमिस्टरभराचा प्रकल्प केला. मॉडेलं सुरेख झाली, पण शेवटी उत्पादन विभाग म्हणाला, “साच्यातून निघणार नाही.” पुढच्या वेळी काय बदलावं?
– डिझाइनचे अध्यापक

उत्तर : उत्पादन विभाग शेवटी भेटला, तिथेच घोटाळा झाला. ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं याची मागणी, बहुतेक वेळा मार्केटिंगकडून येतं आणि साचा टूलरूममध्ये बनतो. टूलरूममधल्या एका व्यक्तीचं नाव करारातच घाला आणि पहिली भेट स्केचेस पक्की होण्याआधी, दुसऱ्या आठवड्यात ठेवा. भाग साच्यातून सुटावा म्हणून त्याच्या उभ्या भिंतींना १ ते २ अंश उतार, भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, आणि रिबची (भिंतीला आतून बळकटी देणाऱ्या पट्टीची) जाडी भिंतीच्या ५० ते ६० टक्के. रिब याहून जाड झाली की बाहेरच्या बाजूला खळगा पडतो. एवढं त्या भेटीत तपासलं तरी निम्मे वाद टळतात.

कारखान्याकडे चार आकडे मागा : भागाचं वजन, सायकल टाइम (एक भाग बनायला लागणारा वेळ), रिजेक्शनचं प्रमाण आणि किमान ऑर्डर. गुप्ततेमुळे द्यायला नकार मिळाला, तर सध्याचं उत्पादन १०० धरून नव्याचं प्रमाण मागा. शिकायला तेवढं पुरतं. रीसायकल्ड प्लास्टिक वापरायचं असेल तर मशीनवर चाचणी अटळ आहे, कारण त्याचा रंग आणि वितळल्यावरचा प्रवाह दर लॉटमध्ये बदलतो. पांढऱ्या, चकचकीत पृष्ठभागावर त्यातले ठिपके उठून दिसतात. म्हणून टेक्श्चर आणि रंग डिझाइन करतानाच निवडा. टेक्श्चर खोल असेल तर उतार आणखी वाढवावा लागतो.

चाचणीचा खर्च कुणाचा, डिझाइनचे हक्क कुणाचे आणि विद्यार्थ्याला पोर्टफोलिओत काय, किती महिन्यांनी दाखवता येईल, हे पहिल्या आठवड्यातच लेखी ठरवा. कंपनीचं नाव आणि आकडे झाकून प्रक्रिया दाखवायची मुभा बहुतेक वेळा मिळते, पण आधी मागितली तर.