रात्री दीड वाजता बंद होणारा एसी

मार्च लागला की एक प्रश्न माझ्याकडे हटकून येतो. एसी जुना झालाय, दर उन्हाळ्यात दुरुस्तीत पैसे जातात, नव्यासाठी एकदम चाळीस हजार काढायचे कुठून? मी नागपुरात कौटुंबिक समुपदेशन करते. हा प्रश्न माझ्यापर्यंत येतो तो भांडणाच्या रूपात.

यंदा एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रार काकूंची होती. "हे रात्री दीडला उठतात आणि एसी बंद करून टाकतात. मी घामाघूम होऊन जागी होते. परत लावला की यांची बडबड सुरू." काकूंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेल्या भिंती रात्रीही धग सोडत नाहीत. अशात साठी ओलांडलेल्या बाईची झोप रोज मोडणं ही साधी कुरबुर नव्हे, प्रकृतीचा धोका आहे. हे मी काकांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं.

काका गप्प बसले. मग पिशवीतून एक डायरी काढली. गेल्या उन्हाळ्यातलं रोजचं मीटरचं रीडिंग, रात्री दहाचं आणि सकाळी सहाचं, बारीक अक्षरात लिहिलेलं. एसी रात्रभर चालला त्या दिवशी १२ ते १३ युनिट. डायरीच्या मागच्या कव्हरात लग्नपत्रिकेच्या पाकिटात दुरुस्तीच्या पावत्या: गॅस भरला २८००, पुन्हा गॅस ३२००, पंख्याची मोटर, कपॅसिटर. आणि ताजं कोटेशन, कॉम्प्रेसर ११,५००. या माणसाला बायकोची काळजी नव्हती असं कोण म्हणेल? आकडे त्याला झोपू देत नव्हते.

"पण मॅडम, चालतं मशीन काहून फेकायचं जी?" त्यांनी विचारलं.

मी पावत्या टेबलावर मांडल्या. एसीतला गॅस वापरून संपत नसतो, तो गळतो. दर उन्हाळ्यात भरावा लागतोय याचा अर्थ गळती तशीच आहे आणि आपण भोक असलेल्या माठात पाणी ओततोय. शिवाय त्यांचा दीड टनी विंडो एसी चौदा वर्षांचा, आर-२२ गॅसवर चालणारा. ओझोनच्या थराला घातक म्हणून तो गॅस जगभर बंद होत चालला आहे. तो पुढे स्वस्त होईल ही आशा सोडावी. माझा स्वतःचा ठोकताळा असा, की यंत्र दहा वर्षांच्या पुढे गेलं असेल आणि एकच दुरुस्ती नव्याच्या पाव किमतीपेक्षा जास्त होत असेल, तर तो पैसा यंत्रात घालू नये.

खरी अडचण पुढे होती. पेन्शन बत्तीस हजार. दोन लाखांची एफडी दवाखान्यासाठी, तिला हात लावायचा नाही. मुलगा पुण्यात, म्हणतो क्रेडिट कार्डावर घेऊन टाकतो, पण त्याच्या डोक्यावर घराचं कर्ज. आणि बापाला मुलाकडून घ्यायचं नाही. "आजवर एक रुपया मागितला नाही," हे काका तीनदा म्हणाले. मला वाटतं, अशा घरांत पैशांची चणचण असते त्याहून मोठी ही गाठ असते.

आधी रक्कम लहान करता येते का ते बघितलं. एसी घराला लागतो की एका खोलीला? झोपायची खोली दहा बाय अकरा, वर भाडेकरूचा मजला, त्यामुळे छत तापत नाही. तिथे एक टन पुरतो. दीड टनी एसी मुळात हॉलसाठी घेतलेला होता. हॉलला कूलर आहेच आणि विदर्भाच्या कोरड्या उन्हात तो एसीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाच्या विजेत उत्तम काम करतो. पावसाळी दमटपणा आला की मात्र त्याचा उपयोग संपतो. थंडीसाठी 'हॉट अँड कोल्ड' एसी घ्यावा असं मुलाच्या मनात होतं. आपल्याकडची कडक थंडी थोडे आठवडे. जाड रजई आणि हीटर पुरे, तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे नकोत.

काकांच्या डोक्यात २०२४ चा भाव बसला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. मी त्यांना दोन दुकानांत पाठवलं आणि दोनच गोष्टी विचारायला सांगितल्या. पहिली, लेबलवर वर्ष कोणतं आणि आयएसईईआर (विजेच्या मानाने एसी किती थंडावा देतो तो आकडा) किती, कारण स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात आणि जुन्या लेबलचे पाच स्टार नव्या पाचाइतके नसतात. दुसरी, रोख दिले तर किती आणि 'नो कॉस्ट ईएमआय'वर किती. ही दुसरी किंमत माणसं विचारतच नाहीत. काका विचारून आले: रोखीत २५०० कमी, हप्त्यावर ती सूट नाही आणि वर प्रोसेसिंग फी. व्याज नाही असं म्हणतात, ते असं दुसऱ्या खिशातून जातं. हप्ता वाईट नाही, पण त्याची खरी किंमत माहीत असावी. कार्डाचं बिल थकलं तर महिन्याला तीन टक्क्यांच्या वर व्याज बसतं, हेही मी मुलाशी फोनवर बोलले.

फिटिंग, तांब्याची पाइप, स्टॅबिलायझर धरून आणि जुन्याचे भंगारात आलेले वजा करून आकडा झाला बेचाळीस हजार.

पुढच्या भेटीत काकूंनी पर्समधून छोटी वही काढली. दहा जणींची भिशी, महिन्याला दोन हजार, एप्रिलचा नंबर त्यांचा. वीस हजार. काकांना याचा पत्ता नव्हता. ते वहीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मला सांगायचं ना गं." काकू म्हणाल्या, "तुम्ही विचारलं कधी?" त्या दिवशी मी फार बोलले नाही.

कॉम्प्रेसरसाठी ठेवलेले बारा हजार काकांचे. उरले दहा. ते मुलाकडून घ्यायचे की नाही यावर पाऊण तास गेला. शेवटी मी विचारलं, त्याच्या बारावीच्या क्लासची फी तुम्ही भरलीत तेव्हा त्याने संकोच केला होता का? काका हसले नाहीत, पण फोन त्यांनीच लावला. मुलाने हप्ता केला नाही, सरळ दहा हजार पाठवले.

नवा एसी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बसला. २६ वर ठेवून पंखा लावायचा असं ठरलंय. काकांनी पोस्टात पाच वर्षांचं आरडी उघडलं, महिन्याला ५००. पासबुकावर पेन्सिलीने लिहिलंय, 'मशीन'.

परवा त्यांचा फोन आला. दीडला जाग अजून येते म्हणाले. मग मीटर बघून येतात आणि परत झोपतात. रात्रीचे पाच-साडेपाच युनिट. हॉलच्या कूलरच्या ताट्या बदलायला माणूस शनिवारी येतोय. त्याच्याकडून अर्थिंग तपासून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढा, आमच्या भागात कूलरच्या शॉकने दरवर्षी माणसं जातात, असं मी फोन ठेवण्याआधी दोनदा सांगितलं. त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं.