न सोडलेली नऊ खोकी

"मॅडम, सगळं चांगलंच होतंय हो. मोठा फ्लॅट मिळणार, लिफ्ट मिळणार. मग माझ्याच छातीत धडधड का होते?"

सुलभाताईंनी (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) खुर्चीत बसता बसता हे विचारलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ईसीजी आणि थायरॉइडचे रिपोर्ट. दोन्ही नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं होतं.

वय ६१. डोंबिवलीत ३२ वर्षं एकाच घरात, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि नवरा-बायको दोघं जवळच भाड्याच्या घरात आले. मुलगा बंगळुरूला. भाड्याचे चेक बिल्डरने आगाऊ दिलेले, करारनामा नोंदवलेला. तक्रार करावी असं कागदावर काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्यांना लाज वाटत होती. "लोकांची कामं रखडतात, भाडं बंद होतं. माझं तसं काही नाही, तरी रात्री तीनला जाग येते."

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. लग्न ठरलेल्या मुलीने, बढतीवर बदली झालेल्या बँक अधिकाऱ्याने, नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षकांनी. बदल चांगला असेल तर घाबरायला कारण नाही, अशी आपली एक समजूत असते. होम्स आणि राहे या दोन अमेरिकन संशोधकांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले, त्यात लग्नाला ५० आणि निवृत्तीला ४५ गुण आहेत. घर बदलण्याला फक्त २०. हे ऐकून सुलभाताई म्हणाल्या, "त्यांनी ३२ वर्षांचं घर बांधाबांध करून सोडलं नसेल." मलाही तसंच वाटतं. त्या यादीत घटना मोजल्या आहेत, वाट बघणं मोजलेलं नाही.

वाट बघण्याबद्दलचा एक प्रयोग मात्र मी त्यांना सांगितला. लंडनमध्ये ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला होता. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं, साप निघाला की हाताला विजेचा वेदना देणारा झटका. २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. झटका बसणारच हे ठाऊक होतं तेव्हा माणसं तुलनेने शांत होती. सगळ्यात जास्त ताण आला तो शक्यता अर्धी-अर्धी असताना.

"म्हणजे साप आहेच म्हणून सांगितलं असतं तर मी झोपले असते?" त्या म्हणाल्या. पहिल्यांदा हसल्या.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. पहिल्या भेटीत त्यांनी तीन-चार वेळा विचारलं, "होईल ना सगळं नीट?" आणि मी चांगल्या मनाने एक उपाय सुचवला: महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची माहिती असते, ती बघत जा, मनाला आधार मिळेल. पुढच्या भेटीत कळलं की त्या ती रोज बघत होत्या. सकाळी चहाआधी आणि रात्री झोपण्याआधी. शिवाय रोज प्लॉटवर चक्कर, सेक्रेटरींना फोन, मुलाला फोन. प्रत्येक फोननंतर तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. मुलगा वैतागून म्हणाला होता, "आई, मी बिल्डर आहे का?"

माझ्या सल्ल्याने खात्री मागायची आणखी एक जागा तयार झाली होती. खाजेचं असंच असतं. खाजवलं की बरं वाटतं, म्हणून तर ती वाढते. मग आम्ही हिशेब घातला. ती माहिती बिल्डरला दर तीन महिन्यांनी भरावी लागते. मधल्या नव्वद दिवसांत पाहून नवीन काय दिसणार? तिमाहीतून एकदा बघायचं ठरलं. कॅलेंडरवर त्यांनीच खूण केली.

दिवसातली काळजी बंद करा, असं मी कुणालाच सांगत नाही. सांगून बंद होत नाही. तिला वेळ ठरवून देता येते. बोर्कोवेक या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये हे तंत्र तपासलं होतं: रोज ठरावीक जागी, ठरावीक अर्धा तास, फक्त काळजी. इतर वेळी आली की तिला सांगायचं, तुझी वेळ अमुक वाजता. सुलभाताईंनी संध्याकाळी साडेपाच निवडले, कारण तेव्हा यजमान फिरायला जातात. वहीत दोन रकाने करायचे. चौकशी करून उत्तर मिळेल अशा गोष्टी एकीकडे, कुणालाच उत्तर ठाऊक नाही अशा दुसरीकडे.

पहिला रकाना भराभर भरला. बँक गॅरंटी किती रकमेची? उशीर झाला तर भाड्याचं काय? हे प्रश्न रास्त होते. त्यांनी ते एका कागदावर काढून सोसायटीच्या सभेत विचारले आणि उत्तरं लिहून घेतली. म्हणून सगळी काळजी 'मनाचे खेळ' म्हणून झटकणाऱ्यांशी माझं पटत नाही. काही काळजी निव्वळ न केलेली चौकशी असते.

दुसऱ्या रकान्यात तीन आठवडे एकही ओळ नव्हती. चौथ्या वेळी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. एकच वाक्य होतं. 'घर तयार होईल तेव्हा आम्ही दोघं असू का?'

यजमान ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी बायपास झालेली. आतापर्यंतच्या बिल्डरबद्दलच्या सगळ्या प्रश्नांच्या तळाशी हा प्रश्न होता. सेक्रेटरींनाही तोच विचारत होत्या त्या, मुलालाही.

"हे कुणाला विचारायचं?" त्या म्हणाल्या. मी काही बोलले नाही. असाल, नक्की असाल, हे शब्द ओठांवर आले होते, पण ते पुन्हा खाजवणंच झालं असतं. त्या बराच वेळ रडल्या. मग मी विचारलं, भाड्याच्या घरात सध्या कसं चाललंय?

तेव्हा खोक्यांचं कळलं. सामान आणून सात महिने झाले होते आणि नऊ खोकी दोरी न सोडता हॉलच्या भिंतीला लावलेली होती. "परत जायचंच आहे, कशाला उघडायची?" पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, यजमानांचा कॅरम बोर्ड, सगळं बांधलेलं. दिवाळीला फराळ विकत आणला होता. दोघं सात महिने जणू फलाटावर बसले होते.

गृहपाठ एवढाच दिला: आठवड्याला एक खोकं. पहिल्यात सोऱ्या निघाला. दिवाळी केव्हाच सरली होती, तरी त्यांनी चकल्या केल्या. भाजणी बिघडली आणि चकल्या मोडल्या, हेही त्यांनी मला तक्रारीच्या सुरात सांगितलं. ती तक्रार ऐकून मला बरं वाटलं. कॅरम बोर्ड पाचव्या आठवड्यात निघाला. झोप हळूहळू सुधारली. धडधड पूर्ण गेली नाही, पण तिच्यासाठी ईसीजी काढायला त्या पुन्हा गेल्या नाहीत. (अशी झोपमोड आठवडेच्या आठवडे चालली, जेवण सुटलं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवं. टेलिमानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन मराठीतही बोलते.)

अकरा महिन्यांचा करार संपला आणि घरमालकांनी जागा परत मागितली. मला धास्ती वाटली, की आता सगळं पहिल्यापासून. सुलभाताईंचा फोन आला तो नवं घर ठरल्यावरच. पुढच्या गल्लीत, पहिला मजला. खोकी पुन्हा बांधली होती, या वेळी प्रत्येकावर आत काय आहे ते लिहून. सोऱ्याचं खोकं सगळ्यात वर.

फोन ठेवता ठेवता सवयीने विचारलंच, "होईल ना हो सगळं नीट?"

मी उत्तर देण्याआधीच हसल्या. "राहू द्या. साडेपाचला बघते."